शेजवलकरांचे ‘पानिपत’ : वकिली आणि न्याय

कै. त्र्यंबक शंकर शेजवलकर (१८९५–१९६३) यांचे नाव निघाले की वाद आलाच. ‘प्रगती’ साप्ताहिकाच्या संपादकीय कारकिर्दीत त्यांनी ज्या निर्भीडपणे भल्याभल्यांना अंगावर घेतले, तोच निर्भीडपणा त्यांनी पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात मराठ्यांच्या इतिहासाचे अध्यापन व संशोधन करताना बाळगला. ‘श्रीशिवछत्रपती’ या ग्रंथाला साहित्य अकादेमीचे पारितोषिक मिळाले, ते त्यांच्या निधनानंतर. तथापि युद्धेतिहासकार म्हणून त्यांची खरी कसोटी लागते ती ‘पानिपत : १७६१’ या ग्रंथात. तो १९४६ साली इंग्रजीत आणि १९६१ साली, युद्धाच्या द्विशताब्दीच्या वर्षी, मराठीत प्रसिद्ध झाला.

या ग्रंथापूर्वी पानिपत म्हणजे आपल्याकडे एक नीतिकथा होती. भाऊसाहेबांचा ताठा, लष्कराबरोबरचा बायकामुलांचा व यात्रेकरूंचा लबेदा, आणि दैवाची अवकृपा, एवढे सांगितले की कारणमीमांसा आटोपे. शेजवलकरांनी ही कथा बाजूला सारून शिपाईगिरीचे साधे प्रश्न विचारले. दाणागोटा कोठून येणार होता? यमुनेला उतार कोठे होता? १७६० च्या ऑक्टोबरात कुंजपुरा घेऊन मराठे उत्तरेस गुंतले असता अब्दाली बागपताजवळ नदी उतरला, आणि दिल्ली व दक्षिण या दोहोंशी असलेला आपला रस्ता तुटला. पुढचे अडीच महिने म्हणजे तोफांपेक्षा उपासमारीचे युद्ध होते. रसदीची खटपट करणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले, तेव्हा या युद्धाचा निम्मा निकाल लागून चुकला होता. ही मांडणी आज आपणांस स्वाभाविक वाटते, हेच शेजवलकरांचे यश होय.

त्यांचा दुसरा मोठा विशेष म्हणजे गोलाच्या लढाईचे विवरण. १४ जानेवारी १७६१ रोजी भाऊसाहेब केवळ मरायला बाहेर पडले नव्हते. इब्राहिमखान गारद्याची कवायती पलटणे व तोफा यांच्या आधाराने गोल बांधून, बुणगे मध्ये घेऊन, शत्रूच्या फळीतून दिल्लीकडे सरकावयाचे, असा त्यांचा बेत होता. गारद्यांनी रोहिल्यांना मागे रेटताच विठ्ठल शिवदेव विंचूरकर व दमाजी गायकवाड यांची घोडदळे जागा सोडून पुढे धावली आणि गोल फुटला.

येथपर्यंत शेजवलकर न्यायाधीश आहेत. यापुढे ते भाऊसाहेबांचे वकील होतात. मल्हारराव होळकरांवर त्यांचा रोष विशेष. नजीबखानास त्यांनी पूर्वी राखले व रणांगणातून ते वेळेआधी निघाले, हे दोन्ही आरोप एकत्र गुंफले की त्यातून कपटाचा वास येऊ लागतो. पण पहिला आरोप राजकारणातील अदूरदृष्टीचा आहे आणि दुसरा रणांगणातील वर्तनाचा. एकाने दुसरा सिद्ध होत नाही.

किंबहुना या आरोपाला उत्तर शेजवलकरांच्याच पुराव्यात आहे. ज्या सरदारांची हयात मोकळ्या मैदानातील घोडदौडीत गेली, त्यांच्याकडून एका सकाळीत गोलाची कवायत कशी अपेक्षावी? पायदळाची शिस्त आणि घोडेस्वाराची सवय यांची गाठ बांधली गेली नव्हती. गोल फुटला तो फितुरीने नव्हे, अनभ्यासाने. मग दोषाचा वाटा बेत आखणाऱ्याकडेही जातो, आणि तेवढा स्वीकारायला शेजवलकरांची भाऊभक्ती तयार होत नाही.

इंदूर, ग्वाल्हेर व बडोदे येथील मराठी शिक्षकांना हा प्रश्न निव्वळ पांडित्याचा नाही. होळकर, शिंदे, गायकवाड ही नावे आपल्या गावांच्या रस्त्यांवर व शाळांवर आहेत. वर्गात पानिपत शिकविताना एका घराण्याची निंदा किंवा दुसऱ्याची भलावण करणे फार सोपे असते. मुलांची मने त्या तासाला घडतात, आणि तेथे पडलेला ग्रह जन्मभर टिकतो. अशा वेळी शेजवलकरांचा निकाल नव्हे, त्यांची प्रश्नपद्धती आपण उचलावी. मुलांपुढे नकाशा ठेवावा, यमुना दाखवावी, धान्य किती दिवस पुरेल ते विचारावे, आणि मग दोष कोणाचा हे त्यांनाच ठरवू द्यावे.

हा ग्रंथ वाचून शेजवलकरांशी भांडावेसे वाटते. पण त्या भांडणाची हत्यारेही त्यांनीच आपल्या हाती दिलेली असतात. इतिहासकाराचे मोठेपण मोजण्यास याहून चांगले माप आम्हांस ठाऊक नाही.