योरुबा स्वरसंवाद : ‘दोन गट’ या विवरणाची मर्यादा

नायजेरियाच्या नैर्ऋत्य भागात व शेजारच्या बेनिनमध्ये बोलल्या जाणाऱ्या योरुबा भाषेचा स्वरसंवाद आपल्या अध्यापनात नेहमी उदाहरणादाखल सांगितला जातो. त्याचे रूढ विवरण असे : प्रमाण योरुबेत सात निरनुनासिक स्वर आहेत, त्यांपैकी अर्धसंवृत ए, ओ यांचा एक गट व अर्धविवृत ऍ, ऑ यांचा दुसरा, साध्या शब्दात हे दोन गट मिसळत नाहीत. एवे (पान), ओवो (पैसा). परंतु ऍसॅ (पाय), ऑवॉ (हात). येथे सूरचिन्हे गाळली असून ऍ, ऑ ही चिन्हे ‘बँक’, ‘ऑफिस’ या शब्दांमुळे वाचकांस परिचित आहेत तीच योजिली आहेत. उच्चारदृष्ट्या पहिल्या गटात जिव्हामूल पुढे सरकते, दुसऱ्यात सरकत नाही.

हे विवरण खोटे नव्हे. परंतु ते अपुरे आहे, आणि त्याचा अपुरेपणा ‘आ’ या स्वरापाशी उघड होतो. ऍजा (मासा), ऑजा (बाजार) हे शब्द आढळतात. ‘आ’पूर्वी ए किंवा ओ असलेली तशी घडण आढळत नाही. म्हणून ‘आ’ दुसऱ्या गटात घातला जातो. मात्र क्रम उलटताच आयॉ (आनंद) आणि आयो (पटावर बियांनी खेळावयाचा खेळ) असे दोन्ही शब्द मिळतात. गटांच्या भाषेत बोलणाऱ्यास ‘आयो’ हा अपवाद ठरवावा लागतो. वस्तुतः तो अपवाद नाही. शब्दातील नंतरचा स्वर आधीच्यावर सत्ता चालवितो. ‘आ’ला संवृत जोडीदार नसल्याने पुढील ‘ओ’ त्यास बदलू शकत नाही, इतकेच. स्वरसंवादाला दिशा आहे. गटांच्या यादीत तीच हरवते.

डायाना आर्चँजेली व डग्लस पुलिब्लँक यांनी 1989 मध्ये ‘लिंग्विस्टिक इन्क्वायरी’त मांडलेल्या विवेचनाचे महत्त्व येथे आहे. त्यांच्या मते विवृतता हा गुण एकेका स्वराचा नसून संपूर्ण प्रकृतीचा असतो व तो उजव्या टोकाकडून स्वरांशी जोडला जातो. ओरि (डोके) व ऑति (मद्य) यांतील भेद यामुळे उलगडतो. ‘ऑति’च्या प्रकृतीत तो गुण आहे, पण अंत्य ‘इ’ त्याचा स्वीकार करू शकत नाही. म्हणून तो मागील स्वरावर स्थिरावतो.

तथापि एलुबॉ (याम या कंदाचे पीठ) या शब्दात मधला ‘उ’ हाच गुण अडवून धरतो. एका ठिकाणी ‘इ’ ओलांडता येतो, दुसऱ्या ठिकाणी ‘उ’ का नाही? लेखकद्वयाच्या विवेचनात पहिले स्थान शोधणे आणि स्थानावरून पुढे पसरणे या भिन्न क्रिया असून पसरण्यास लगतचा स्वर लागतो. प्रमाण भाषेपुरते हे समाधान निर्दोष आहे. परंतु इफे बोलीत तोच शब्द ‘ऍलुबॉ’ असा उच्चारला जातो, म्हणजे तेथे ‘उ’ ओलांडला जातो. एकिटी बोलीत तर इ, उ हे स्वतःच स्वरसंवादात भाग घेतात. इफेतही शिथिल इ, उ नाहीत. तेव्हा केवळ स्वरांच्या संख्येवरून हा भेद सिद्ध होत नाही. लगतपणाची अट हा स्वरसंवादाचा सामान्य नियम नसून एका बोलीची निवड आहे, असे म्हणणे प्राप्त होते.

विद्यार्थ्यांस एक सूचना. ‘ऑमॉवे’ (विद्वान) या शब्दात ऑ आणि ए एकत्र दिसतात म्हणून नियम मोडला असे उत्तरपत्रिकांतून लिहिले जाते. हा शब्द ‘मॉ’ (जाणणे) व ‘इवे’ (पुस्तक) यांच्या संयोगाने बनला असून स्वरसंवाद त्या सांध्यापलीकडे जात नाही. अपवादांची यादी करण्यापूर्वी दिशा कोणती व सीमा कोठे, हे दोन प्रश्न विचारले, तर यादीतील बरीच नावे आपोआप गळून पडतील.