धूसरता, अज्ञान आणि सॉफ्टवेअरची रचना

लॉत्फी झादे यांचा ‘फझी सेट्स’ हा निबंध ‘इन्फर्मेशन अँड कंट्रोल’ या नियतकालिकाच्या आठव्या खंडात १९६५ साली प्रसिद्ध झाला. निबंध अवघा सोळा पृष्ठांचा आहे. परंतु ज्या विचाराने पुढे अर्धशतकाहून अधिक काळ अभियंते व तर्कशास्त्रज्ञ यांना परस्परांशी वाद घालावयास लावले, त्या विचाराचा गाभा त्यात आलेला आहे. एखादी वस्तू एखाद्या संचात असते किंवा नसते, हा परंपरागत संचकल्पनेचा दंडक. झादे यांनी तो शिथिल केला आणि सदस्यत्व ० ते १ यांमधील कोणत्याही अंशाने असू शकते असे मानले. ‘उंच माणसे’, ‘१ पेक्षा पुष्कळ मोठ्या संख्या’ ही त्यांचीच उदाहरणे. दोन संचांचा छेद घेताना दोन अंशांपैकी लहान अंश घ्यावा, संयोग घेताना मोठा घ्यावा, पूरक संचासाठी तो अंश १ मधून वजा करावा. मूळ नियम एवढेच.

सॉफ्टवेअरच्या रचनेत अपुरी, ढोबळ वा अनिश्चित माहिती कशी हाताळावी असा प्रश्न निघाला की आपल्याकडील पदव्युत्तर विद्यार्थी बहुधा या सिद्धान्ताकडे वळतो. माहितीत काही उणे आहे, म्हणून ती ‘फझी’. ती फझी आहे, म्हणून त्रिकोणी वक्र काढावेत व नियम लिहावेत, असा हा सरळ मार्ग आहे. आमचा आक्षेप सिद्धान्तावर नाही. त्याच्या या सरसकट विनियोगावर आहे. माहितीच्या अंगी असणारे दोष अनेक जातींचे असतात आणि झादे यांचे गणित त्यांपैकी एकाच जातीला नीट लागू पडते. ज्याला हा भेद दिसत नाही, त्याची प्रणाली चालते, आकडेही देते, पण त्या आकड्यांचा अर्थ कोणालाच सांगता येत नाही.

हा भेद झादे यांच्यापासून लपलेला नव्हता. मूळ निबंधाच्या आरंभीच त्यांनी स्पष्ट केले आहे की त्यांना अभिप्रेत असलेली अनिश्चितता यदृच्छेतून येत नाही. वर्गाच्या सदस्यत्वाचा निकषच काटेकोर नसल्यामुळे ती उद्भवते. सदस्यत्वाचा अंश म्हणजे संभाव्यता नव्हे, हेही त्यांनी तेथेच बजावले. मराठीत मात्र या बाबतीत एक अडचण आहे. ‘फझी’साठी ‘संदिग्ध’ हा शब्द चटकन सुचतो. पण ‘संदिग्ध’ शब्दाच्या पोटात संदेह आहे, आणि संदेह हा जाणणाऱ्याच्या मनात असतो, वस्तूत किंवा शब्दाच्या अर्थात नसतो. म्हणजे जो घोटाळा टाळावयाचा तोच आपण पारिभाषिक शब्दात घालून ठेवतो. या टिपणात म्हणून ‘धूसर’ हा शब्द योजला आहे. तोही निर्दोष नाही. संध्याकाळी धूसर दिसणारे झाड वस्तुतः ठळकच असते. तरी त्यातल्या त्यात तो बरा.

आता दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहू. एक विद्यार्थी भाड्याची खोली शोधीत आहे. त्याला खोली ‘स्वस्त’ आणि ‘स्थानकाजवळ’ हवी. डेटाबेसमध्ये प्रत्येक खोलीचे भाडे रुपयांत आणि अंतर मीटरमध्ये अचूक नोंदलेले आहे. येथे माहितीत काहीही उणे नाही. धूसर आहेत ते प्रश्नातील शब्द. सहा हजार भाड्याची खोली स्वस्त खरी, पण पाच हजारांच्या खोलीइतकी नव्हे. हे सांगण्यास सदस्यत्वाच्या अंशाइतके योग्य साधन नाही. बोस्क आणि पिव्हेर यांनी १९९५ साली मांडलेली ‘एसक्यूएलएफ’ ही पृच्छाभाषा याच जातीची आहे, आणि तिचा पाया भक्कम आहे असे आम्ही मानतो. एक प्रश्न तेथेही उरतोच. लहान अंश घेण्याचा नियम लावला, तर स्वस्ततेत ०.५ व सान्निध्यात ०.५ असलेली खोली आणि स्वस्ततेत ०.५ पण सान्निध्यात पूर्ण १ असलेली खोली, या दोन्ही समान ठरतात. विद्यार्थी दुसरी खोली घेईल, हे सांगावयास गणित नको. गुणाकाराचा नियम लावल्यास हा दोष जातो, पण मग एका गुणाची उणीव दुसऱ्याने अंशतः भरून निघते. ती तशी भरून निघावी की नाही, हे रचनाकाराने विचारपूर्वक ठरवावयास हवे.

दुसरे उदाहरण. दोन नोंदवह्या एकत्र करावयाच्या आहेत आणि दोहींतील कोणत्या नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत हे शोधावयाचे आहे. मराठी नावे रोमन लिपीत लिहिताना किती रूपे घेतात हे ज्याने अशा याद्या हाताळल्या आहेत तो जाणतो. एकच ‘देशपांडे’ निरनिराळ्या लेखनिकांच्या हाती निरनिराळा होतो. दोन नावांच्या लेखनातील साम्य ०.८ आहे असे म्हणणे ठीक, कारण साम्य ही कमीअधिक असणारीच गोष्ट आहे. पण पुढची पायरी घसरडी आहे. या दोन नोंदींमागील व्यक्ती ‘०.८ अंशाने एकच’ कधीही नसतात. त्या एक असतात किंवा दोन असतात. आपल्याला ते ठाऊक नसते, इतकेच. येथे धूसरता नाही, अज्ञान आहे. आणि अज्ञानाला लहान अंशाचा नियम लावला की विपरीत फळे येतात. नाव ०.८, पत्ता ०.८, जन्मतारीख ०.८ असा स्वतंत्र पुरावा कितीही जमा केला तरी निष्कर्ष ०.८ च्या वर सरकत नाही. उलट घर बदलल्यामुळे पत्त्याचे साम्य ०.३ वर आले, तर बाकीचा सारा पुरावा व्यर्थ होऊन निष्कर्षही ०.३ वर येतो. फेलेगी व सन्टर यांनी १९६९ साली याच प्रश्नासाठी संभाव्यतेवर आधारलेली उपपत्ती मांडली. खऱ्या जोडीत एखादा तपशील जुळण्याची संभाव्यता किती आणि परक्या जोडीत तो योगायोगाने जुळण्याची किती, यांचे गुणोत्तर ती विचारात घेते. ‘पाटील’ हे आडनाव जुळल्याने फारसे सिद्ध होत नाही, विरळ आडनाव जुळल्याने पुष्कळ होते, ही कोणत्याही कारकुनाला ठाऊक असलेली गोष्ट त्या उपपत्तीत सामावते. लहान अंशाच्या नियमात ती सामावत नाही.

अज्ञानाला सत्यमूल्य समजण्याची ही चूक धूसर तर्कापुरतीच मर्यादित नाही. एसक्यूएल भाषेत ज्या नोंदीत जन्मवर्ष भरलेले नाही, तिच्याबाबत ‘जन्म १९९० पूर्वीचा आहे किंवा १९९० पूर्वीचा नाही’ अशी अट घातली, तर ती नोंद उत्तरात येत नाही. कारण दोन्ही घटकांचे मूल्य ‘अज्ञात’, म्हणून संयुक्त विधानाचेही ‘अज्ञात’. वस्तुतः ते वर्ष काहीही असो, ती अट पुरी होणारच.

चार्ल्स एल्कन यांच्या ‘द पॅरडॉक्सिकल सक्सेस ऑफ फझी लॉजिक’ या १९९३ च्या निबंधाचे मूल्यमापन या पार्श्वभूमीवर करावयास हवे. एल्कन यांनी दाखविले की द्विमूल्य तर्कशास्त्रात समार्थक ठरणाऱ्या दोन विधानांना धूसर तर्कातही समान मूल्य असावे असा आग्रह धरला, तर सर्व अंश ० आणि १ या दोनच मूल्यांत कोसळतात. ‘क आहे पण ख नाही, असे नाही’ आणि ‘ख आहे, किंवा क व ख दोन्ही नाहीत’ ही त्यांनी घेतलेली जोडी. क चा अंश ०.२ व ख चा ०.४ धरून पाहावे: पहिल्या विधानाचे मूल्य ०.८ येते, दुसऱ्याचे ०.६. निबंधाने मोठे वादळ उठले, आणि १९९४ साली ‘आयईईई एक्स्पर्ट’ने त्यावरील अनेक उत्तरे एकत्र छापली. धूसर तर्काने ही समार्थकता कधीच मान्य केली नव्हती, मग ती त्याच्यावर लादावी का, हा टीकाकारांचा प्रतिप्रश्न रास्त होता. दुब्वा, प्राद व स्मेट्स यांचे उत्तर आम्हांस अधिक मोलाचे वाटते. अंशतः सत्य असणे आणि सत्य आहे की नाही हे अंशतः ठाऊक असणे या दोन गोष्टींतील भेदावर त्यांनी बोट ठेवले. घटकांच्या मूल्यांवरून संयुक्त विधानाचे मूल्य काढणे पहिल्या गोष्टीत चालते, दुसरीत नाही. आमच्या मते एल्कन यांचे प्रमेय त्यांना वाटले तितके मर्मभेदी नव्हते. धूसर तर्क यशस्वी झाला तो कोठे, हे त्यांचे निरीक्षण मात्र प्रमेयापेक्षा सरस आहे.

ते निरीक्षण असे की यशस्वी उपयोग बहुतेक सर्व नियंत्रकांचे आहेत. त्यांत नियम थोडे, पुष्कळदा विसांहूनही कमी असतात, आणि एका नियमाच्या निष्कर्षावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा अशी अनुमानांची साखळी नसते. ममदानी व असिलियन यांनी लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजात वाफेच्या छोट्या यंत्रावर केलेला प्रयोग (१९७५) या परंपरेचा आरंभ. १९८७ साली सुरू झालेली जपानमधील सेंदाई येथील भुयारी रेल्वे हे तिचे सर्वांत गाजलेले फळ. यात भर घालावीशी वाटते ती एवढीच की अशा नियंत्रकाच्या वक्रांत चूक असली, तरी परिस्थिती ती क्षणोक्षणी उघड करते. ब्रेक थोडा कमी लागला, तर वेग अपेक्षेपेक्षा अधिक असल्याचे पुढच्याच मापनात कळते आणि चूक भरून निघते. रचनाकाराचे अज्ञान तेथे परतीच्या वार्तेने झाकले जाते.

हीच पद्धत माणसांविषयीच्या निर्णयांत आणली की तो आधार नाहीसा होतो. ‘गरजू’ आणि ‘गुणवान’ विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देणारी प्रणाली कल्पावी. उत्पन्न दोन लाखांपर्यंत असता गरजेचा अंश १, चार लाखांना तो ० होतो. गुणांसाठीही असाच उतार. दोन्हींचा लहान अंश घेऊन यादी लावली आणि पहिल्या पन्नासांना शिष्यवृत्ती दिली. उत्पन्नाच्या कठोर मर्यादेतील क्रूरता गेली, असे या रचनेचे समर्थन केले जाते. ती गेलेली नाही. पन्नासाव्या आणि एक्कावन्नाव्या अर्जदारांमध्ये ती तशीच उभी आहे. फरक इतकाच की पूर्वी ती परिपत्रकात वाचता येत होती, आता ती दोन वक्र, एक नियम आणि एक यादी यांच्यामध्ये विखुरलेली आहे. जुनी मर्यादाही मनमानीच होती हे मान्य. पण तिच्याविरुद्ध अर्ज करता येत होता. आणि नाकारला गेलेला विद्यार्थी वेगमापकासारखा दुसऱ्या क्षणी परत येऊन प्रणालीची चूक सांगत नाही.

मग चार लाख हा आकडा कोणी ठरविला? धूसर तर्कावरील प्रबंधांत या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘तज्ज्ञांच्या मतानुसार’ एवढेच असते. कोणत्या तज्ज्ञांच्या, किती जणांच्या, आणि त्यांच्यात मतभेद झाला तेव्हा काय केले, याची वाच्यता नसते. या दृष्टीने धूसर नियंत्रणाच्या आज्ञाभाषेचे आंतरराष्ट्रीय प्रमाण, आयईसी ६११३१-७ (२०००), तपासण्यासारखे आहे. प्रत्येक धूसर पदाचा वक्र बिंदूंच्या जोड्यांनी लिहिण्याची सोय त्यात आहे, ‘आणि’चा अर्थ लहान अंश, गुणाकार की आणखी काही, हे नियमसंचात नाव घेऊन सांगण्याची सोय आहे, अखेरीस एक ठोस आकडा कोणत्या रीतीने काढावा हेही त्यात नोंदविता येते. रचनाकाराने घेतलेले निर्णय उघड्यावर आणण्याचे हे काम प्रशंसनीय होय. तो बिंदू तेथेच का, याचे कारण लिहिण्यासाठी मात्र त्या भाषेत टिप्पणीवाचून दुसरी जागा नाही, आणि टिप्पणी यंत्र वाचीत नाही. आमच्या विभागात सादर होणाऱ्या प्रबंधांत तरी प्रत्येक वक्राशेजारी ते कारण, आणि त्याच्या आधी हाताशी असलेली माहिती धूसर आहे की केवळ अज्ञात, याचा निर्वाळा मागितला जावा. परीक्षकांनी तो मागितल्यास काही प्रबंधांतील अर्धे वक्र गळून पडतील अशी आमची अटकळ आहे.