डाळिंबाची साल, जांभळी परीक्षानळी आणि मामीचं क्रीम

गेल्या दिवाळीत राहाता तालुक्यातल्या मामीकडे गेले होते. तिच्या बचत गटाला डाळिंबाच्या सालीचं क्रीम करायचंय. तेल्याने डागाळलेल्या फळाला भाव मिळत नाही, मग सालीचं तरी काही व्हावं, हा साधा हिशेब. मामी म्हणाली, "अगं, तुझ्या पेपरात व्हिटॅमिन सीशी तुलना केलेला आकडा आहे ना, तो डबीवर छापू का? खाली 'सुरकुत्या घालवतं' असं लिहू." मी नको म्हटलं. "मग एवढं शिकून उपयोग काय?" तिचा प्रश्न रास्त होता, म्हणून हे लिहितेय. टीका आमच्याच क्षेत्रावर आहे, आणि त्यात मीही आले.

तो आकडा येतो कुठून? बहुतेक वेळा डीपीपीएच चाचणीतून. डीपीपीएच हे जांभळं, बऱ्यापैकी टिकाऊ फ्री रॅडिकल. ते मिथेनॉलमध्ये विरघळवायचं, त्यात अर्क घालायचा, साधारण अर्धा तास अंधारात ठेवायचं आणि ५१७ नॅनोमीटरला रंग किती उतरला ते मोजायचं. रॅडिकल निम्मं करायला जेवढा अर्क लागतो ती आयसी-५०. चाचणी स्वस्त आहे, दुपारभरात होते, आणि डाळिंबाची साल तिच्यात नेहमीच भाव खाऊन जाते.

आता गडबड बघा. डीपीपीएच आपल्या शरीरात नसतंच, आणि त्वचा म्हणजे मिथेनॉलची नळी नव्हे. सालीतला मुख्य घटक प्युनिकॅलॅजिन. त्याचं रेणुभार सुमारे १०८४ डाल्टन. निरोगी त्वचेच्या वरच्या थरातून साधारण ५०० डाल्टनपेक्षा मोठे रेणू सहसा आत जात नाहीत, हा ढोबळ नियम २००० सालीच मांडला गेलाय. म्हणजे नळीतला पहिलवान दारातच अडकतो! त्याच्या विघटनातून मिळणारं एलॅजिक आम्ल ३०२ डाल्टनचं, पण ते पाण्यात धड विरघळत नाही. आणि डबीत सहा महिने काढल्यावर अर्कात काय उरतं, हे किती पेपर तपासतात?

नीट काम कसं दिसतं? २००५ च्या एका अभ्यासात १५ टक्के व्हिटॅमिन सी आणि १ टक्का व्हिटॅमिन ई यांच्या द्रावणात ०.५ टक्का फेरुलिक आम्ल घातलं. द्रावण टिकतं का ते पाहिलं आणि डुकराच्या त्वचेवर कृत्रिम सूर्यप्रकाश सोडला. संरक्षण जवळपास दुप्पट झालं. तिथे मोजमाप त्वचेवर आहे, परीक्षानळीत नाही. खाण्याच्या बाबतीतही हाच धडा मिळालाय: अमेरिकेच्या कृषी खात्याने 'ओरॅक' या अशाच चाचणीच्या आकड्यांचा तक्ता २०१२ मध्ये मागे घेतला, कारण कंपन्या त्यांचा जाहिरातीसाठी गैरवापर करत होत्या.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने दिलेला 'भगवा' आज बागोबागी आहे, आणि तेल्यासाठी त्यावर ताम्रयुक्त औषधांची फवारणी होते. ती पडते सालीवरच. मग सालीच्या अर्कात तांबं आणि इतर औषधांचे अंश किती, हे आयसी-५० च्या आधी बघायला नको का? माझ्या पेपरात ते नव्हतं. असायला हवं होतं.

म्हणून साल टाकून द्यायची का? नाही. क्रीममधलं तेल खवट होतं, तेही ऑक्सिडीकरणच. सालीचा अर्क ते लांबवतो का, हे पेरॉक्साइड मूल्य मोजून ठरवता येतं. तिथे त्वचेचं दार ओलांडायची गरजच नाही. दावा छोटा आहे, पण सिद्ध करण्याजोगा.

मामीला हेच सांगितलं: आधी परवाना आणि अंशांची तपासणी, मग डबीवर फक्त 'डाळिंब सालीचा अर्क असलेलं क्रीम'. सुरकुत्यांचं नाव नको. सौंदर्यप्रसाधनांवर दिशाभूल करणारे दावे कायद्यालाही चालत नाहीत. खवटपणाची चाचणी मी करून देते.

मामी म्हणाली, "बरं, पण लवकर कर. माल पडून राहत नाही."

पुढच्या आठवड्यात तिचे नमुने लावतेय.