बाबूलाल पराते निकाल: मत घेतलं, पण कशावर?

संघराज्यावर संशोधन प्रस्ताव लिहायला घेतला की सगळे बोम्मईपासून सुरुवात करतात. १९९४ चा तो निकाल हवाच, पण नागपुरात बसून हा विषय करणार असाल तर आधी 'बाबूलाल पराते विरुद्ध मुंबई राज्य' वाचा. सर्वोच्च न्यायालय, २८ ऑगस्ट १९५९, पाच न्यायमूर्ती. (पराते यांच्याच नावाचा, पण महाराष्ट्र राज्याविरुद्धचा १९६१ चा निकाल वेगळा आहे बरं का. तो नागपूरच्या गिरणी कामगारांच्या वादातला, कलम १४४ वरचा. संदर्भ देताना गल्लत करू नका.)

अनुच्छेद ३ नुसार संसद राज्यांच्या सीमा बदलू शकते. अटी दोनच: राष्ट्रपतींची शिफारस हवी, आणि ज्या राज्यावर परिणाम होणार त्याच्या विधिमंडळाकडे विधेयक मत मांडायला पाठवायला हवं. संमती लागत नाही, फक्त मत. १९५६ च्या राज्य पुनर्रचना विधेयकात मूळ योजना तिघांची होती: महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई. मुंबई विधिमंडळाने मत दिलं ते यावर. पुढे संसदेने योजनाच फिरवली आणि एकच द्विभाषिक मुंबई राज्य केलं. पराते यांचं म्हणणं, या नव्या योजनेवर विधिमंडळाला विचारलंच नाही. हायकोर्टाने याचिका फेटाळली, सुप्रीम कोर्टाने अपील.

कोर्टाचा युक्तिवाद थोडक्यात असा: विधेयक एकदा पाठवलं, अट पूर्ण झाली. दर दुरुस्तीला परत विचारायचं म्हटलं तर काम संपणारच नाही. दुरुस्ती मूळ विषयाशी निगडित असली म्हणजे पुरे.

'कोर्टाने संघराज्य कमकुवत केलं' असं लगेच लिहू नका. पाचव्या घटनादुरुस्तीने, म्हणजे १९५५ मध्ये, संसदेनेच ही अट सैल केली होती. आधी राज्याचं मत जाणून घेणं आवश्यक होतं, नंतर ठरावीक मुदतीत मत मांडायची संधी दिली की झालं. हा मजकूर समोर असताना कोर्टाला फार वेगळं काही म्हणता आलं असतं, असं मला वाटत नाही.

माझा आक्षेप मोजपट्टीवर आहे. 'निगडित दुरुस्ती' ही कसोटी सभागृहाच्या आतल्या कामकाजाची. तिथे मूळ विधेयकावर बोलणारा सदस्य दुरुस्तीवरही बोलतो, मत देतो. राज्याचं विधिमंडळ त्या सभागृहात बसलेलंच नसतं. मग तीन घटकांवर दिलेलं मत एका राज्यावरचं मत कसं ठरतं? मत कशासाठी मागायचं, हा प्रश्नच निकालात येत नाही.

आता नागपूरकडून बघा. विदर्भाचे आठ जिल्हे तेव्हा मध्य प्रदेशात, आणि राजधानी नागपूर. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती. विधेयकात विदर्भ महाराष्ट्रात आला आणि कायद्यात थेट द्विभाषिक मुंबईत. १ नोव्हेंबर १९५६ ला राजधानी गेली, १९३६ पासूनचं उच्च न्यायालय जबलपूरला गेलं, आणि इथे मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ राहिलं. दोन वर्षांत तीन आराखडे! निकालाचा रोख मात्र मुंबई विधिमंडळावरच आहे. याचिकाच तशी होती, त्यामुळे न्यायमूर्तींना दोष देता येत नाही. पण याचिकेत कोण नव्हतं, हे संशोधकाने तपासायलाच हवं.

हा वाद जुना झाला असं समजू नका. २०१४ मध्ये आंध्र विधानसभेने विभाजनाचं विधेयक नाकारलं, तरी तेलंगणा झालं. जम्मू-काश्मीरमध्ये २०१९ ला विधानसभा बरखास्त होती, तेव्हा तिच्या वतीने मत संसदेनेच दिलं. ११ डिसेंबर २०२३ च्या निकालात राज्याचं मत केवळ शिफारसवजा, हीच भूमिका कायम राहिली. आख्खं राज्य केंद्रशासित करता येतं का, हा प्रश्न मात्र कोर्टाने मोकळा सोडला, कारण राज्याचा दर्जा परत देऊ असं केंद्राने सांगितलं होतं.

प्रस्ताव लिहिताना पराते निकाल एका बाजूला ठेवा, आणि १९५६ चं मूळ विधेयक, संयुक्त समितीचा अहवाल आणि मंजूर कायदा दुसऱ्या बाजूला. कलमं ओळीने ताडून बघा. 'निगडित' या शब्दात कोर्टाने किती मोठा बदल बसवला, ते तिथेच दिसतं.