रंगीत काचांपलीकडचं रान

पचमढीच्या क्राइस्ट चर्चबद्दल मी जे काही वाचत आलो, ते बहुतेक 'सुंदर', 'शांत' आणि 'फोटोसाठी मस्त' एवढ्यावरच थांबतं. सातपुड्याच्या झाडीतलं हे १८७५ सालचं अँग्लिकन चर्च सुंदर आहेच. पण पुस्तकासारखी इमारतही वाचता येते. हे चर्च वाचायचं तर सोबत कॅप्टन जेम्स फॉरसिथचं 'द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' (१८७१) हवं.

फॉरसिथ साल-सागवानाबद्दल, रानगव्यांबद्दल जीव लावून लिहितो. कोरकूंच्या फिरत्या शेतीकडे वळला, की त्याच्यातला सरकारी अधिकारी जागा होतो. त्याच्या लेखी ही शेती म्हणजे जंगलाची नासाडी. ही केवळ एका लेखकाची नजर नव्हती, तेच राज्याचं धोरण झालं. १८५७ च्या उठावात उतरलेले इथले आदिवासी जहागीरदार भभूतसिंह यांना इंग्रजांनी मारलं. १८६५ मध्ये शेजारचं बोरीचं जंगल राखीव झालं. चर्च आलं त्यानंतर. आपल्याला भावणारी तिथली शांतता या क्रमानं आलेली आहे.

त्या रंगीत काचाच पाहा. त्यांतून रानातलं ऊन आत येतं, रंगीत होऊन जमिनीवर पडतं. पण आत बसलेल्याला बाहेरचं रान दिसत नाही. मला फॉरसिथचं पुस्तक या चर्चपेक्षा सरस वाटतं ते इथेच. त्याचा पूर्वग्रह उघड आहे, पण त्याच्या पानांवर कोरकू निदान दिसतात तरी.

आमची आर्वी तेव्हा याच मध्य प्रांतात होती. नागपूरचे साहेब उन्हाळ्यात पचमढी गाठायचे. आपल्याकडची माणसं नागपंचमीला नागद्वाराला जातात, शिवरात्रीला त्रिशूळ खांद्यावर घेऊन चौरागड चढतात. त्यांचा देव रानातच, गुहेत आणि कड्यावर आहे. म्हणून यात्रेकरू निर्दोष ठरत नाहीत. आपल्या मागे राहिलेला प्लास्टिकचा कचरा जंगलच सोसतं.

हा आक्षेप तिथे आज प्रार्थना करणाऱ्यांवरही नाही. १९७० मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि अँग्लिकन मंडळी त्यात सामील झाली. साहेबांचं चर्च इथल्या माणसांचं झालं. राखीव जंगलाचं तसं झालं नाही. व्याघ्रप्रकल्पासाठी तिथली गावं अलीकडेपर्यंत उठवली गेली. चर्चच्या फोटोखाली दोन ओळी लिहायच्याच असतील, तर त्यातली एक त्या गावांबद्दल असावी.