किटलेले कान आणि चौफेर ध्वनी

एखादी कलाकृती अभिजात ठरली की तिच्यावर दोन आपत्ती ओढवतात. पहिली ही की तिच्याविषयी मोकळेपणाने बोलण्याची सोय उरत नाही. आणि दुसरी ही की ती फार वेळा ऐकावी लागते. पहिल्या आपत्तीचा विचार टीकाकारांनी पुष्कळ केला आहे. दुसरीकडे मात्र फारसे कोणी गांभीर्याने पाहिलेले दिसत नाही. अतिपरिचयाने अवज्ञा होते, एवढे म्हणून आपण तो प्रश्न निकालात काढतो. संगीताच्या बाबतीत हे निदान पुरेसे नेमके नाही. शंभर वेळा ऐकलेल्या गीताची आपण अवज्ञा करीत नाही; उलट कोणी त्याला नावे ठेवली तर आपणच त्याच्या बाजूने भांडावयास उभे राहतो. घडते ते निराळेच. पहिला स्वर उमटतो न उमटतो तोच स्मृती पुढे धावते आणि कान मागे राहतो. आपण ऐकत नसतो, आठवत असतो. अवज्ञेपेक्षा हे बहिरेपण अधिक घातक होय. कारण अवज्ञा करणाऱ्याला निदान समोर काय आहे हे ठाऊक असते.

या बहिरेपणावर ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायाने एक औषध शोधून काढले आहे. त्याला सराउंड साउंड म्हणतात; आपण चौफेर ध्वनी म्हणू. नेहमीच्या स्टिरिओत समोर दोन स्पीकर असतात. चौफेर ध्वनीच्या सर्वांत रूढ मांडणीत समोर तीन, श्रोत्याच्या दोन्ही अंगांस किंचित मागे एकेक, आणि खर्जाच्या गाजेसाठी एक निराळा, असे सहा स्पीकर लागतात. मूळ ध्वनिमुद्रणातील आवाज ज्या फितींवर सुटेसुटे राखलेले असतात त्या पुन्हा बाहेर काढावयाच्या आणि ते आवाज या सहा ठिकाणी नव्याने वाटून द्यावयाचे, अशी ही कृती आहे. औषध खरोखर लागू पडते का, आणि पडत असल्यास कोणत्या रोग्याला, हे पाहण्याचा येथे विचार आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. आवाज चोहोंकडून यावा ही कल्पना यंत्राने जन्माला घातलेली नाही. व्हेनिसच्या सेंट मार्कच्या मंदिरात सोळाव्या शतकातच गायकांचे दोन समूह एकमेकांस उत्तरे देत गात असत, आणि जोव्हानी गाब्रिएलीने त्याच वास्तूसाठी वाद्यसमूहांचे असे संवाद रचले. इंग्लंडमध्ये टॉमस टॅलिसने 1570 च्या सुमारास आठ समूहांत विभागलेल्या चाळीस कंठांसाठी एक स्तोत्र बांधले. 1837 साली पॅरिसमध्ये बेर्लिओझच्या ‘रेक्विएम’मध्ये पितळी वाद्यांचे चार ताफे चार कोपऱ्यांत होते. या रचनांमध्ये दिशा हा अलंकार नव्हे. तो रचनेचा अवयव आहे. उत्तर कोठून आले हे कळले नाही तर प्रश्नही अर्धाच कळतो. चौफेर ध्वनीच्या कोणत्याही अल्बमची कसोटी मला येथेच सापडते. ज्या कृतीत अवकाश मुळातच वसत होता तिला चौफेर ध्वनी तिचे हरवलेले अंग परत देतो. जिच्यात तो नव्हता तिच्या अंगावर तो केवळ नवे कपडे चढवतो.

यंत्राचा इतिहासही थोडक्यात ध्यानात घेतला पाहिजे. चार दिशांच्या, म्हणजे क्वाड्राफोनिक, तबकड्या 1970 नंतरच्या दोन-तीन वर्षांत बाजारात आल्या. परंतु सीबीएसची पद्धत एक, सान्सुईची दुसरी, जेव्हीसीची तिसरी. एकीची तबकडी दुसरीच्या यंत्रावर धड वाजेना. ते दशक सरण्यापूर्वीच सारा खेळ आटोपला. पुढे सुपर ऑडिओ सीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ यांनी तो पुन्हा मांडला, आणि जून 2021 मध्ये ॲपल म्युझिकने डॉल्बी ॲटमॉसची मिश्रणे देण्यास आरंभ केल्यापासून तो साध्या इअरफोनपर्यंत येऊन पोहोचला. या तिन्ही पर्वांत एक गोष्ट डोळ्यांत भरते. प्रत्येक नव्या पद्धतीबरोबर पुन्हा पुन्हा पुढे येतात ते बव्हंशी तेच अल्बम. पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ 1973 चा. त्याचे चार दिशांचे मिश्रण ॲलन पार्सन्सने त्याच काळात केले, सहा स्पीकरांचे जेम्स गथ्रीने 2003 साली केले, आणि त्याचेच ॲटमॉस मिश्रण 2023 साली बाहेर पडले. ज्या कृतीने कान किटले तीच कृती किटलेल्या कानांवरचे औषध म्हणून विकावयाची, असा हा व्यवहार आहे. त्याविषयी संशय बाळगणे रसिकाला शोभतेच.

आणि तरीही या अल्बमला मी एकदम बाद करू शकत नाही. 1973 ते 1988 या काळात तो अमेरिकेतील बिलबोर्डच्या यादीत 741 आठवडे होता. म्हणजे ‘अति झाले’ असे म्हणण्यास याहून योग्य उदाहरण मिळणे कठीण. परंतु या मंडळींनी 1967 सालीच लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये आवाज सभागृहात चहूकडे फिरविण्याचे यंत्र वापरले होते. ‘टाइम’ या गीताच्या आरंभी एकदम वाजू लागणारी घड्याळे पार्सन्सने एका जुन्या घड्याळांच्या दुकानात एकेक करून मुद्रित केली होती, आणि तीही चार दिशांच्या ध्वनीचा नमुना दाखविण्यासाठी. म्हणजे ही घड्याळे जन्मतःच चौफेर होती. दोन स्पीकरांत ती इतकी वर्षे दाटीवाटीने राहिली. चोहोंकडून ती वाजतात तेव्हा केवळ दचकावयास होत नाही. काळाने आपल्याला सर्व बाजूंनी घेरले आहे, हा त्या गीताचा आशय कानाला कळतो. येथे औषध लागू पडते. मात्र याच अल्बममधील जी गीते केवळ एका कंठावर किंवा गिटारीच्या एका आलापीवर उभी आहेत, तेथे मागच्या स्पीकरांनी फार काही साधले असे मला वाटत नाही. क्लेअर टॉरीचा तो शब्दावाचूनचा आकांत एकाच दिशेने आला तरी खोली भरून टाकतो.

याहून बोधप्रद उदाहरण क्वीन या चमूच्या ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’ या 1975 च्या अल्बमचे आहे. त्यातील ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ इतकी वाजली आहे की तिच्याविषयी नवे काही वाटणे जवळजवळ अशक्य झाले आहे. 2002 साली हा अल्बम डीव्हीडी-ऑडिओवर चौफेर स्वरूपात आला. तो ऐकताना प्रसिद्ध गीतातील कंठांचा कल्लोळ भोवती उसळतो, मौज वाटते. पण चार-सहा वेळा ऐकल्यावर ती मौजही पाठ होते. कारण काय? तेथे कोण कोठून ओरडणार हे एकदा कळले की संपले. दिशेने नाट्य वाढते, आशय वाढत नाही. पण तबकडीच्या त्याच बाजूवर, तिच्या थोडे आधी, ब्रायन मेची ‘द प्रॉफेट्स साँग’ ही आठ मिनिटांहून लांब रचना आहे. तिच्या मध्यावर वाद्ये थांबतात आणि फ्रेडी मर्क्युरीचा कंठ स्वतःच्याच प्रतिध्वनीशी गुंफला जातो: एक ओळ सुटते, ती अजून हवेत असतानाच तीच ओळ मागून येते, तिच्यामागून पुन्हा तीच. दोन स्पीकरांत हा भाग काहीसा लांबलेला वाटतो. चौफेर ध्वनीत ते स्वर श्रोत्याभोवती फिरू लागतात आणि ही गुंफण वर्तुळासाठीच बांधली असावी असे वाटल्यावाचून राहत नाही. ज्या गीताच्या छायेत ही रचना वर्षानुवर्षे झाकली गेली, त्याच्याहून ती आज मला मोठी वाटते. चौफेर ध्वनीचे खरे उपकार हे आहेत. प्रसिद्धाला तो फारसे काही देऊ शकत नाही. उपेक्षिताला मात्र न्याय देतो.

कधीकधी लाभ एकाचा आणि श्रेय दुसऱ्याला, असेही घडते. बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’ 1967 साली चार पट्ट्यांच्या फितींवर मुद्रित झाला. पट्टे भरले की ते दुसऱ्या फितीवर एकत्र उतरवून जागा करावयाची, अशी तेव्हाची रीत होती. आणि प्रत्येक उतरवणीत आवाजाचे तेज थोडे मावळे. 2017 साली जाइल्स मार्टिनने आरंभीच्या, न उतरवलेल्या फितींवरून नवी मिश्रणे सिद्ध केली. त्यांत चौफेर मिश्रणही होते. ते ऐकताना ढोलाचा प्रहार आणि कंठाचा पोत ताजा वाटतो, हे खरे. परंतु तोच ताजेपणा त्याच वर्षीच्या दोन स्पीकरांच्या मिश्रणातही आहे. म्हणजे गुण दिशेचा नसून जुन्या फितीवरील धूळ झटकण्याचा आहे. या दोहोंतील भेद ओळखणे हे टीकाकाराचे काम होय. विक्रेता तो ओळखून देणार नाही.

आता माझ्या आवडीच्या ज्या दोन मुद्रणांना मी सर्वांत वर ठेवतो ती पाहू. पहिले पिएर बूलेझने न्यूयॉर्क फिलहार्मॉनिककडून 1972 साली वाजवून घेतलेले बार्टोकच्या ‘कन्सर्टो फॉर ऑर्केस्ट्रा’चे. चार दिशांच्या मुद्रणासाठी येथे वाद्यवृंद संचालकाच्या भोवती बसविला होता; त्यामुळे श्रोता सभागृहातील खुर्चीवर न बसता संचालकाच्या जागी उभा राहतो. या कृतीच्या दुसऱ्या भागात वाद्ये जोडीजोडीने येतात: आधी दोन बसून, मग दोन ओबो, मग क्लॅरिनेट, बासरी, आणि शेवटी तोंड दाबलेले ट्रंपेट. प्रत्येक जोडी आपल्या जागेवरून बोलते तेव्हा बार्टोकने योजलेली ही ओळख-परेड कानाला दिसू लागते. दुसरे आहे नॉर्वेच्या ‘टूएल’ या संस्थेचे ‘लुक्स’. तिचे ध्वनिमुद्रक मॉर्टेन लिंडबर्ग चर्चमध्ये गायक-वादकांना मायक्रोफोनभोवती बसवून मुद्रण करतात. त्यामुळे दिशा मागाहून वाटून द्यावी लागत नाही, ती मुद्रणातच असते. 2020 साली या अल्बमला चौफेर ध्वनीसाठीचे ग्रॅमी पारितोषिक लाभले. दोन्ही ठिकाणी जुन्या कीर्तीवर नवा मुलामा नाही. अवकाश आधी योजला, मग मुद्रण झाले. म्हणूनच अनेक वेळा ऐकूनही ती मला शिळी वाटत नाहीत.

हा अनुभव आपल्याला परका आहे असे कोणी समजू नये. ख्यालगायकाच्या मागे दोन तंबोरे झणकारत असतात; त्यांच्या स्वरांच्या कोंदणात तो बसलेला असतो, आणि समोरच्या श्रोत्यापेक्षा तो स्वर त्यालाच अधिक चौफेर ऐकू येतो. वारीच्या दिंडीत टाळ दोन्ही बाजूंस, मृदंग जवळ, वीणा मध्ये. तेथे तर श्रोता असा वेगळा कोणी नसतोच. आपल्याकडे आवाजाने वेढले जाणे हा गाणाऱ्याचा अधिकार होता, आणि तो गाण्यात सामील होऊन मिळवावयाचा असे. सहा स्पीकरांनी तो बसल्या जागी ऐकणाऱ्याला दिला आहे. ही देणगी थोर खरी. पण फुकट मिळालेल्या वस्तूप्रमाणे तिचे मोल टिकविणे आपल्याच हाती आहे.

बदलीच्या नोकरीत गावोगाव हिंडणाऱ्या आपल्या वर्गाशी या चर्चेचा जवळचा संबंध आहे. परप्रांती आपण मोजकेच काही बरोबर नेतो आणि त्यालाच घट्ट धरून बसतो. ‘गीतरामायणा’चेच पाहा. गदिमांनी लिहिलेली आणि सुधीर फडक्यांनी स्वरबद्ध केलेली ही 56 गीते 1 एप्रिल 1955 पासून वर्षभर पुणे आकाशवाणीवरून प्रसृत झाली. मंडळांच्या कार्यक्रमांतून त्यांपैकी किती ऐकू येतात? पाच-सहा; तीच, त्याच क्रमाने, आणि त्याच ठिकाणी टाळ्या घेऊन. उरलेली पन्नास आपल्या घरातच परकी होऊन बसली आहेत. त्या काळच्या मुद्रणांना कोणी चौफेर करू गेला तरी त्यांत अवकाश कोठून आणणार? तेव्हा तेथे यंत्राची वाट पाहून भागणार नाही. जे काम ‘द प्रॉफेट्स साँग’साठी सहा स्पीकरांनी केले, ते येथे रसिकालाच करावे लागेल: प्रसिद्ध गीताला काही काळ विश्रांती द्यावयाची आणि त्याच्या शेजारच्या गीताकडे कान वळवावयाचा.

सारांश, कान किटणे हा कृतीचा दोष नव्हे, आणि नवे मिश्रण हा त्यावरचा कायमचा उतारा नव्हे. नवे मिश्रण स्मृतीला थोडा वेळ चकवते. तेवढ्या वेळात ऐकणे पुन्हा सुरू झाले तर लाभ झाला, नाही तर नवी आवृत्तीही यथाकाल पाठ होणारच. म्हणून कोणताही चौफेर अल्बम घेण्यापूर्वी स्वतःस एकच प्रश्न विचारावा: या संगीतातून दिशा काढून घेतली तर त्याचा अर्थ काही उणा होतो का? होत असेल, तर तो अल्बम अवश्य घ्यावा. होत नसेल, तर तेच पैसे आजवर न ऐकलेल्या संगीतावर खर्च करावेत. आवडते अभिजात कपाटात वर्षभर मिटून ठेवले तरी रुसणार नाही, आणि वर्षाने ते बाहेर काढाल तेव्हा कदाचित दोन स्पीकरांतूनही नवे ऐकू येईल.