‘प्रलंबित’ : बँकेच्या मोबाईल ॲपचे एक परीक्षण

सिडकोने कळंबोलीला लोखंड बाजार वसवला आणि त्याच्यामागोमाग ट्रक, वजनकाटे, माथाडी कामगार, पंक्चरवाले, चहाच्या टपऱ्या असा सगळा संसार तेथे आला. भाड्याची उचल, हमाली, काट्याचे पैसे, वाटखर्च हे सारे व्यवहार पूर्वी रोखीत होत. आता टपरीच्या खांबापासून काट्याच्या खिडकीपर्यंत काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या चौकटी चिकटवलेल्या दिसतात. या भागातील शाळांत येणाऱ्या मुलांपैकी अनेकांनी बापाच्या पगाराचे पाकीट पाहिलेले नसेल. पण ‘पैसे मिळाले’ असे सांगणारा दुकानातला डबा त्यांना चांगला ठाऊक असतो.

बँकेचे ॲप हीसुद्धा माणसाने योजून केलेली वस्तू आहे. सायकलचे किंवा हातपंपाचे परीक्षण आपण वर्गात करतो, तसे तिचेही करता येईल. मात्र ते कोठून सुरू करायचे, हा प्रश्न आहे. ‘ॲप कसे आहे?’ असे विचारले की ‘झटक्यात पैसे जातात’ असे उत्तर येते. पुलाची परीक्षा वैशाखात घेण्यासारखाच हा प्रकार आहे. पैसे बिनबोभाट पोचतात तेव्हा सगळीच ॲपे चांगली असतात. पैसे निघाले आणि पोचल्याची खबर मात्र आली नाही, त्या वेळी ॲप काय करते, यावरून त्याच्या योजनेचा कस लागतो.

समजा, कळंबोलीहून सळया भरून निघालेल्या चालकाला गाडीमालकाने डिझेलसाठी ५,००० रुपये पाठवले. मालकाच्या खात्यातून रक्कम वजा झाली. चालक पंपावर उभा. ‘शेठ, आले नाहीत.’ ‘अरे, इकडून तर कापले गेले!’ मालकाच्या मोबाईलवर एक चक्र फिरते आहे आणि खाली एकच शब्द आहे : ‘पेंडिंग’, म्हणजे प्रलंबित. आता त्याने पुन्हा पाठवावेत की थांबावे? पुन्हा पाठवले आणि पहिलेही पोचले, तर १०,००० गेले. थांबला, तर गाडी अडकली. हा एक शब्द लिहिणाऱ्या योजकाने आपली अडचण अलगद मालकाच्या डोक्यावर ठेवली आहे.

ही अडचण निव्वळ निष्काळजीपणातून आलेली नाही, हे मात्र आधी समजून घेतले पाहिजे. तिच्या मुळाशी संगणकशास्त्रातले एक जुने कोडे आहे. ते १९७५ मध्ये प्रथम मांडले गेले आणि पुढे जिम ग्रे या संगणकतज्ज्ञाने १९७८ मध्ये त्याला दोन सेनापतींचे रूप दिले. वर्गात ते असे करून पाहता येईल. दोन मुलांना वर्गाच्या दोन कोपऱ्यांत पाठमोरे बसवा. तिसऱ्याला निरोप्या करा. प्रत्येक चिठ्ठी नेताना त्याने गुपचूप नाणे उडवायचे. छापा आला तर चिठ्ठी पोचवायची, काटा आला तर ती खिशात घालायची आणि तोंड उघडायचे नाही. टाळी कितव्या मिनिटाला वाजवायची, हे त्या दोघांनी चिठ्ठ्यांवर ठरवायचे. दोघांनी मिळून वाजवली तर जिंकले, एकट्यानेच वाजवली तर हरले.

मुलांना लवकरच कळते की ‘पाचव्या मिनिटाला’ अशी चिठ्ठी पाठवून भागत नाही. ती पोचल्याची पोच हवी. पण पोच पाठवणाऱ्यालाही आपली पोच पोचली की नाही हे कळत नाही. म्हणून पोचेची पोच, तिचीही पोच. शेवटची चिठ्ठी ज्याने पाठवली तो कायम अंधारातच राहतो. चिठ्ठ्या कितीही वाढवल्या तरी पूर्ण खात्री होत नाही, हे तर्काने सिद्ध करता येते. वरच्या इयत्तांतल्या मुलांना ही सिद्धता जरूर करायला सांगावी. फार तर अर्धा तास लागेल. (गोंगाट होतो, शेजारच्या वर्गाला आधी सांगून ठेवावे.)

पैशांच्या व्यवहारात तर दोनाहून अधिक सेनापती असतात. आपल्याकडील यूपीआय ही व्यवस्था नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन या मुंबईतील संस्थेने उभारली. तिची सुरुवात एप्रिल २०१६ मध्ये झाली आणि नोटाबंदीनंतर, ३० डिसेंबर २०१६ रोजी, त्याच संस्थेचे ‘भीम’ हे ॲप आले. त्यातून पैसे पाठवले की निरोप आधी मध्यवर्ती यंत्रणेकडे जातो. तेथून देणाऱ्याच्या बँकेला ‘इतके वजा करा’ असे सांगितले जाते, तिचा होकार आल्यावर घेणाऱ्याच्या बँकेला ‘इतके जमा करा’ असे कळवले जाते, आणि मग दोन्हीकडच्या मोबाईलना खबर जाते. यांतला कोणताही निरोप वाटेत हरवू शकतो. घेणाऱ्याच्या बँकेकडून उत्तरच आले नाही, तर व्यवहार काही वेळा ‘झाला असे मानले’ जाते आणि खरेखोटे नंतर हिशेब जुळवताना ठरते. म्हणजे शंका पुसता येत नाही. ती कोणी, किती वेळ आणि कोणाच्या पैशावर वाहायची, एवढेच योजकाच्या हाती असते. ॲपची खरी योजना म्हणतात ती हीच. रंग, चित्रे आणि बटणे हा तिचा पोशाख झाला.

उत्तराचा अर्थ लावण्यात चूक झाली तर काय होते, याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच घडले आहे. पुण्यात १९३५ साली स्थापन झालेल्या बँक ऑफ महाराष्ट्रने यूपीआयसाठी एका पुरवठादाराकडून आज्ञावली घेतली होती. तिच्यात दोष होता. पाठवणाऱ्याच्या खात्यात पुरेशी शिल्लक नसतानाही त्याचा व्यवहार पुढे सरकत असे आणि घेणाऱ्याला पैसे मिळत. काहींच्या हे ध्यानात आले आणि त्यांनी त्याचा फायदा उठवला. मार्च २०१७ मध्ये ही गोष्ट उघडकीस आली, तेव्हा नुकसानीचा आकडा २५ कोटी रुपये असा सांगण्यात आला होता. येथे कोणी गुप्त क्रमांक फोडला नाही, कोणाचा मोबाईल चोरला नाही. ‘शिल्लक नाही’ हे उत्तर मिळायला हवे होते, तेथे यंत्रणा ‘झाले’ म्हणाली. आज्ञावली तपासताना आपण बहुधा योग्य खात्यातून योग्य रक्कम गेली की नाही, एवढे पाहतो. जे व्हायला नको ते होत नाही ना, याची तपासणी जास्त कष्टाची असते आणि घाईत तीच राहून जाते. प्रयोगशाळेतही नियंत्रित प्रयोग वगळून निष्कर्ष लिहिणारे विद्यार्थी आपण पाहतोच!

प्रलंबित शब्दाचा दुसरा प्रताप १२ एप्रिल २०२५ रोजी दिसला. त्या दिवशी देशभर यूपीआय काही तास अडखळली. कॉर्पोरेशनने केलेल्या तपासणीत जे कारण निघाले ते मोठे बोधक आहे. काही बँकांच्या यंत्रणा अडकलेल्या व्यवहारांबाबत ‘त्याचे काय झाले?’ अशी पृच्छा मध्यवर्ती यंत्रणेकडे पुन्हापुन्हा करीत होत्या, आणि त्या पृच्छांच्या लोंढ्याखाली खरे व्यवहारच दबले. गणित करून पाहा. ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयवर २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. महिन्यातले ३१ दिवस आणि दिवसाचे ८६,४०० सेकंद घेतले, तर सेकंदाला सरासरी साडेसात हजारांच्या आसपास व्यवहार येतात. त्यांतले शंभरात एकदोन जरी अडकले आणि प्रत्येकाबद्दल दर काही सेकंदांनी चौकशी सुरू झाली, तर चौकशांची संख्या मूळ कामाला मागे टाकते. यानंतर एका व्यवहाराची चौकशी दोन तासांत जास्तीत जास्त तीन वेळा, तीही ठरावीक अंतराने करावी, असा निर्बंध कॉर्पोरेशनने घातला. शिल्लक पाहण्यालाही एका ॲपवरून दिवसाला ५० वेळा अशी मर्यादा १ ऑगस्ट २०२५ पासून आली. उपाय बरोबर आहे, पण तो अपघातानंतरचा आहे. उत्तर न मिळाल्यास किती वेळाने आणि किती वेळा विचारायचे, हे सक्तीने पाळले जाईल अशी सोय पहिल्याच दिवसापासून हवी होती.

केवळ दोषच दाखवणे योग्य होणार नाही. यूपीआयच्या आधी, नोव्हेंबर २०१० पासून, मोबाईलवरून तत्काळ पैसे पाठवण्याची आयएमपीएस ही सेवा होती. तिच्यात मोबाईल क्रमांकावर पैसे पाठवायचे तर घेणाऱ्याचा ७ अंकी वेगळा संकेतांक माहीत असावा लागे. आपला संकेतांक पाठ असलेला माणूस विरळाच. यूपीआयने त्याऐवजी वाचता येईल असा साधा पत्ता दिला, हे मोठेच काम झाले. सुरक्षिततेची रचनाही विचारपूर्वक केलेली आहे. ॲप प्रथम आपल्याच सिमवरून एक गुप्त संदेश पाठवून मोबाईल आणि क्रमांक यांची गाठ घालते, आणि गुप्त क्रमांक ज्या चौकटीत टाकायचा ती कॉर्पोरेशनची असते. कोणत्याही कंपनीच्या ॲपला तो क्रमांक वाचता येत नाही. घराची किल्ली गड्याच्या हाती न देता त्याच्याकडून झाडलोट करून घ्यावी, तशी ही युक्ती आहे.

पण याच चौकटीने एक अनर्थही केला. यूपीआयमध्ये दुसऱ्याकडे पैसे ‘मागण्याची’ सोय होती. भामटा अशी मागणी पाठवी आणि फोनवर सांगे, ‘तुमचे पैसे आले आहेत, घेण्यासाठी क्रमांक टाका.’ समोर येई ती नेहमीचीच चौकट. घेण्यासाठी गुप्त क्रमांक कधीच लागत नाही, हे जाणणाऱ्याला हसू येईल. पण ज्याने महिन्यापूर्वीच ॲप घेतले आहे, त्या हमालाला हे कोणी शिकवले होते? देणे आणि घेणे या दोन उलट क्रिया पडद्यावर जवळपास सारख्याच दिसत असतील, तर दोष वापरणाऱ्याचा कसा म्हणता येईल? दोन व्यक्तींमधली ही मागणीची सोय अखेर १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. तोवर यूपीआयला नऊ वर्षे होऊन गेली होती.

गरिबाच्या बाबतीत असा उशीर वरचेवर दिसतो. यूपीआयचा गुप्त क्रमांक पहिल्यांदा ठरवण्यासाठी डेबिट कार्ड लागे. आधारच्या आधारे तो ठरवण्याची वाट २०२१ मध्ये निघाली. साध्या बटणांच्या मोबाईलसाठी *९९# ही सेवा देशभर २०१४ पासून होती, पण तिच्यात एका संदेशात जेमतेम १८२ अक्षरे मावत. बोलून व्यवहार करता येईल अशी सोय मार्च २०२२ मध्ये आली.

नव्या ॲपची घाईही अशीच नडते. एचडीएफसी बँकेने नोव्हेंबर २०१८ च्या अखेरीस आपले नवे ॲप आणले आणि जुने काढून घेतले. नव्याला गर्दी पेलली नाही. ते मागे घेऊन काही दिवसांत जुनेच पुन्हा सुरू करावे लागले. कळंबोलीकरांना यावर वेगळे सांगायला नको. आपल्या दारातून सुरू होणारा द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला, तेव्हा जुना पुणे रस्ता कोणी उखडून टाकला नव्हता. ऑक्टोबर २०२३ मध्ये तर रिझर्व्ह बँकेने बँक ऑफ बडोदाला ‘बॉब वर्ल्ड’ या ॲपवर नवे ग्राहक घेण्यास मनाई केली. ग्राहक जोडून घेण्याच्या पद्धतीत त्रुटी आढळल्या होत्या. नोंदणीचा आकडा फुगवण्यासाठी परक्यांचे मोबाईल क्रमांक खात्यांना जोडले गेल्याचे आरोपही वृत्तपत्रांतून झाले होते. मे २०२४ मध्ये ही मनाई उठली. पटसंख्येसाठी हजेरीपटावर नावे चढवण्याचा प्रकार शिक्षकांना अपरिचित नाही.

आता पुन्हा पंपावर उभ्या असलेल्या चालकाकडे येऊ. त्याच्या मालकाच्या बाजूने एक नियम आहे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, खात्यातून गेलेले पैसे समोरच्या खात्यात जमा होऊ शकले नाहीत, तर ते व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत. दुकानदाराला दिलेल्या पैशांची खबर त्याला मिळाली नाही, तर ही मुदत ५ दिवसांची आहे. त्यापुढे विलंबाच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची आहे, आणि तीही ग्राहकाने तक्रार करण्याची वाट न पाहता. शंकेचे ओझे कोणी वाहायचे, याचा निवाडा येथे ग्राहकाच्या बाजूने झाला आहे.

हा नियम ज्या जागी उपयोगी पडायचा, ती जागा म्हणजे तो चक्र फिरणारा पडदा. तेथे ‘पेंडिंग’ऐवजी चार ओळी पुरेशा आहेत : ५,००० रुपये तुमच्या खात्यातून निघाले आहेत. चालकाच्या बँकेचे उत्तर आलेले नाही. ते पोचले नाहीत, तर उद्यापर्यंत परत येतील. त्यापुढे बँक रोज १०० रुपये देईल. तोवर पुन्हा पाठवल्यास रक्कम दोनदा जाण्याची शक्यता आहे. सोबत व्यवहाराचा १२ अंकी क्रमांक ठळक अक्षरांत असला, की मालकाला तो बँकेत दाखवता येईल. या चार ओळींना नवे तंत्रज्ञान लागत नाही. लागणारी माहिती यंत्रणेकडे असतेच. माझ्या पाहण्यात आलेल्या ॲपांपैकी एकाच्याही त्या पडद्यावर १०० रुपयांचा उल्लेख मला आढळला नाही.